मदत हवी आहे: रिमोट वायरला (ॲम्प्लिफायर चालू करणारी वायर) 12 व्होल्ट देताच ॲम्प्लिफायरचे फ्यूज उडतात

चार चॅनलचा क्लास एबी कार ॲम्प्लिफायर, वर 30 अँपिअरचे दोन फ्यूज. नुसती बॅटरी आणि अर्थ जोडली तर काही होत नाही. रिमोट मिळताच दोन्ही जातात. स्पीकर, आरसीए (सिग्नलच्या) वायरी काढूनही तेच, म्हणजे दोष आतच. (मोठा फ्यूज टाकायचा सल्ला कृपया नको.)

पॉवर सप्लायचे मॉस्फेट (स्विचिंग ट्रान्झिस्टर) बोर्डवरून काढून तपासले, ठीक आहेत. आउटपुट ट्रान्झिस्टरची एक जोडी मात्र काढल्यावरही कलेक्टर-एमिटरमध्ये 0.3 ओहम दाखवते, म्हणजे शॉर्ट. त्यांखालचा मायका (इन्सुलेशनचा पातळ तुकडा) शाबूत आहे. हाताशी फक्त मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप नाही.

त्या जोडीची जागा रिकामी ठेवून, पॉझिटिव्ह वायरमध्ये करंट मर्यादित ठेवायला 55 वॅटचा हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये लावून बाकीचे चॅनल तपासले तर चालेल का, की त्या चॅनलचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टर आधी बदलावे लागतील?