सारख्याच स्टेप तीन युजर फ्लोमध्ये कशा जोडायच्या? (एफ शार्प प्रोग्रामिंग भाषा)

प्रश्न:
साइनअप, पासवर्ड रीसेट आणि ईमेल बदलणं, तिन्हीत कोड पाठवा, कोड तपासा ह्या स्टेप सेमच आहेत. प्रत्येक स्टेप वेगळं फंक्शन आहे, रिझल्ट (यश किंवा एरर) परत देतं, पण एकाला एक जोडता यावं म्हणून सगळ्यांना एकच मोठा कॉन्टेक्स्ट रेकॉर्ड दिलाय आणि आता त्यातली अर्धी फील्ड ऑप्शन (व्हॅल्यू असेल किंवा नसेल अशी) झालीत, कुठली स्टेप काय वाचते तेच कळेना. काय करू?

उत्तर १:
आधी तो कॉन्टेक्स्ट काढ. कोड तपासायला जेवढं लागतं तेवढंच घे आणि परत देताना बूलियन नको, 'व्हेरिफाइड ईमेल' असा वेगळा टाइप दे, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, म्हणजे कोड तपासल्याशिवाय तो टाइप कुणाला बनवताच येणार नाही. पासवर्ड बदलणारं फंक्शन तोच टाइप मागेल, म्हणजे मधली स्टेप गाळलीस तर कंपायलरच अडवेल. जोडायला रिझल्ट-बाइंड आहेच, आधीची स्टेप यशस्वी झाली तरच ते पुढची चालवतं. एरर टाइप मात्र प्रत्येक स्टेपचा आपापला ठेव आणि जोडताना मॅप-एरर करून (म्हणजे एररचा टाइप बदलून) त्या फ्लोच्या युनियनमध्ये (ठरावीक पर्यायांपैकी एक असणारा टाइप) बसव, नाहीतर कॉन्टेक्स्ट गेला आणि त्याच्या जागी अख्ख्या अ‍ॅपचा एक अवाढव्य एरर टाइप आला असं होईल.

उत्तर २:
+१. फक्त फॉर्मची तपासणी बाइंडने नको, ते पहिल्या चुकीलाच थांबतं, मग युजर एकेक चूक सुधारत बसतो. तिथे अ‍ॅप्लिकेटिव्ह पद्धत (प्रत्येक तपासणी स्वतंत्र चालते), सगळ्या चुका एकदम गोळा होतात.

प्रश्नकर्ता:
हे जमेल. पण कोड पाठवल्यावर युजर तासाभराने आला तर? तोवर पाइपलाइन (जोडलेल्या स्टेपची साखळी) थांबवून कशी ठेवू?

उत्तर ३:
थांबवूच नको, तिथे तोड. कोड पाठवेपर्यंत एक पाइपलाइन, कोड आल्यावर दुसरी, मधली अवस्था युनियन टाइप करून डेटाबेसमध्ये. अवस्था आणि घटना घेऊन नवी अवस्था आणि करायच्या कामांची यादी देणारं एक प्युअर फंक्शन (बाहेरच्या कशालाही हात न लावणारं) लिही, मेल खरोखर पाठवणारा कोड त्याच्या बाहेर राहू दे, टेस्ट करायला फार सोपं जातं. पुढे काय करायचं ते फंक्शन काही डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही, म्हणून अवस्थेत फ्लोचं नाव साठव आणि त्यावरून पुढची पाइपलाइन निवड. तपासतानाही ते नाव बघ, साइनअपचा कोड पासवर्ड रीसेटला चालला तर वाट लागेल. आणि अवस्थेला व्हर्जन नंबर दे, मधेच डिप्लॉय करून टाइप बदललास तर अर्धवट राहिलेले जुने फ्लो वाचताच येणार नाहीत.