पातारा (तुर्कस्तान): अवशेष आणि किनारा एका दिवसात होतं का?

झुळूक: ऑगस्टअखेर आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक काल्कानला मुक्कामी आहोत. स्वतःची गाडी नाही. पातारा या प्राचीन शहराचे अवशेष आणि किनारा एकाच दिवसात उरकेल का? कोकणात वेळासला दाखवतात तशी कासवाची पिल्लं दिसतील का? आणि छत्री इथूनच न्यावी का?

वाटाड्या: उरकतं, पण आधी दगड, मग पाणी. उलटं केलंत तर भर दुपारी तापल्या दगडांत फिराल, तिथे सावली नावालाही नाही.

काल्कानहून डोल्मुश मिळते, म्हणजे आपलं वडाप. चढतानाच विचारा, किनाऱ्यापर्यंत जाते का. काही गाड्या हमरस्त्याच्या फाट्यावर सोडतात, तिथून गेलेमिश गाव तीन-चार किलोमीटर आत. गावापासून किनारा साधारण दोन किलोमीटर. तिकीटखिडकी वाटेतच लागते आणि अवशेष-किनारा दोन्हींना मिळून एकच तिकीट.

आत शिरल्यावर रोमन सुभेदार मोडेस्टसची तीन कमानींची वेस (इ.स. 100च्या सुमाराची), मग नाट्यगृह. त्याला लागून लिशियन संघाचं (या भागातल्या प्राचीन शहरांच्या संघाचं) सभागृह आहे, ते मात्र निवांत बघा. गावोगावचे प्रतिनिधी इथे बसत, मोठ्या शहरांना तीन मतं, लहानांना एक. नीरोच्या काळातलं दीपगृह वाळूत बरंच पलीकडे आहे, लेकीला घेऊन नको.

कासवछाप: वेळासचं गणित इथे लागू नाही. तिथे ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणातल्या उबवणीत हलवतात, म्हणून पिल्लं सोडण्याची वेळ सांगता येते. इथे येतात ती लॉगरहेड कासवं. बरीच घरटी जागच्या जागी ठेवून वर जाळीचा पिंजरा लावतात. पिल्लं बहुधा रात्री निघतात आणि मे ते ऑक्टोबर रात्री किनारा बंद असतो (पाटीवर साधारण रात्री 8 ते सकाळी 8). थोडक्यात, पिल्लांच्या भरवशावर जाऊ नका. सकाळी लवकर गेलात तर पाण्याकडे गेलेल्या बारीक पावलांच्या रांगा दिसतील, तेही वारा सुटायच्या आत.

छत्री नेलीत तर घरट्यांसाठी खुंट्यांनी आखलेल्या पट्ट्यात रोवू नका. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, दांड्याचं टोक थेट त्यांच्यात घुसतं. शिवाय सावलीने वाळू गार पडते. वाळू साधारण 29 अंशांच्या वर असली तर पिल्लांत माद्या जास्त, खाली असली तर नर, म्हणजे सावलीने तो हिशोबही बदलतो. लेकीने केलेले खड्डे आणि किल्ले निघताना बुजवा, पिल्लू खड्ड्यात पडलं की वर येत नाही.

झुळूक: मग छत्री भाड्यानेच घेऊ. मिळते ना?

वाटाड्या: मिळते, प्रवेशाजवळच. पुढे मैलोन् मैल नुसती वाळू. दुपारनंतर वारा चढतो, वाळू पोटऱ्यांना टोचते आणि लाटाही मोठ्या होतात, तेव्हा अवशेष लवकर आटोपून लेकीचं पोहणं दुपारच्या आतच उरका. वाळू अनवाणी चालवत नाही, चपला पाण्यापर्यंत ठेवा. माणशी दोन लिटर पाणी गावातूनच घ्या. परतीची शेवटची डोल्मुश कधी, ते उतरतानाच चालकाला विचारून ठेवा.

कासवछाप: आणि पिंजऱ्याला हात लावू नका, फोटोसाठीसुद्धा.