मदत हवी: चुन्यानं डोळा जळालाय, भाच्याच्या चांगल्या डोळ्यातला तुकडा घेऊ द्यावा का?

नमस्कार मंडळी, मी परभणीकडचा. भाचा ८ वर्षांचा, मागच्या पोळ्याला आजोबाची चुन्याची पुडी दाबत बसला अन् ती फुटून सगळा चुना उजव्या डोळ्यात. तेव्हाच नळाखाली धरायला पाहिजे होतं पण कुणी तूप घाला म्हणलं कुणी दूध, त्यातच अर्धा तास गेला (पुड्या लेकरांपासून वर ठेवा बाबांनो). आता डोळ्यावर लाल शिरा चढल्यात, बुबुळ पांढरं पडलंय, उजेड-अंधार तेवढा कळतो.

आम्हाला वाटलं नेत्रदानातलं बुबुळ बसवलं की झालं. डॉक्टर म्हणले नुसतं ते टिकणार नाही, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर स्टेम सेल असतात, त्यातून बुबुळावरचा पापुद्रा सारखा नवा होत राहतो, त्याच जळाल्यात. बांध मोडला की हराळी शेतात घुसती, तसा पांढऱ्या भागाचा पापुद्रा शिरांसकट आत आलाय. म्हणून आधी चांगल्या डोळ्याच्या कडेचा तुकडा काढून इकडं लावायचा.

इथंच अडलंय. ताई म्हणायली एक गेला तो गेला, दुसऱ्याला हात लावू देणार नाही, पाहिजे तर माझ्या डोळ्यातलं घ्या. दाजी गप्प. त्यात एकानं शहरातला एक दवाखाना सांगितला, तिथं स्टेम सेलची सुई हातातून देतात म्हणे, कापाकापी नाही, पण पैसे सगळे आधी अन् नगदी. मला तर काही कळंना झालंय. कुणाच्या घरात असं झालंय का?

गोदाकाठ:
दादा, माझ्या भावाला भिंतीला चुना मारताना झालं होतं. देवगिरी एक्सप्रेसनं हैदराबादला गेलो, एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या दवाखान्यात केलं. तुकडा जेमतेम २ मिलिमीटरचा, तोही कडेवरून, नजरेच्या मधून नाही. त्याचे ८-१० कण करतात, डोळ्यावर वारेचा (बाळंतपणात पडते ती वार) पातळ पडदा अंथरून त्यावर चिकटवतात, तिथंच पेशी वाढतात. आधी त्या लॅबमध्ये वाढवाव्या लागायच्या, २०१२ ला तिथल्याच डॉ. वीरेंद्र सांगवान यांच्या टीमनं ही बिनलॅबची पद्धत मांडली, त्यामुळं खर्चही उतरला. १२५ जणांवरचा त्यांचा अभ्यास २०१६ ला आला, त्यात ७६ टक्के लोकांचं टिकलं. म्हणजे चौघातल्या एकाचं नाही टिकलं, तेही ताईला सांगा, लपवू नका. आईच्या पेशी चालतात पण परक्याच्या म्हणून शरीर त्या नाकारतं, मग प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या लेकराला खूप दिवस द्याव्या लागतात. स्वतःच्या असताना ते कशाला? अन् त्या सुईवाल्याला एवढंच विचारा, हातातून टोचलेली पेशी बुबुळाच्या कडेला जाऊन बसती कशी?

धागाकर्ता:
भाऊ, रात्री ताईला सगळं वाचून दाखवलं. गोळ्यांचं ऐकून ती जरा गप्प झाली. आता विचारायली, तुकडा घेतल्यावर चांगल्या डोळ्याला पट्टी किती दिवस असती, कारण तेवढे दिवस लेकराला दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसणार नाही. तुमच्या भावाला किती दिवस होती?