अवघड असणं वेगळं, अन्याय वेगळा

गेम अवघड म्हणजे डिझाइनच गंडलंय हे मला नाही पटत. २०१९ चा सेकिरो हा तलवारबाजीचा व्हिडिओ गेम घ्या, ईझी मोडच नाही, पण मार खाल्ला की कळतं आपलं टायमिंग चुकलं, डिफ्लेक्ट, म्हणजे नेमक्या क्षणी तलवारीने वार परतवणं, नीट बसला की ठिणग्या आणि तो खणकन आवाज, आणि ब्लॉक न होणारा वार यायच्या आधी लाल जपानी अक्षर (कांजी) दिसतं. घोडबंदरला मावसभावाकडे दोन रात्री त्यातल्या गेनिचिरो या बॉससमोर बसलो होतो, तिसऱ्या रात्री पडला तेव्हा हात थरथरत होते राव! खराब डिझाइन म्हणजे हार्ड मोडच्या नावाखाली नुसती शत्रूची हेल्थ दुप्पट करणं. आणि सेलेस्ट या दुसऱ्या गेममध्ये तर मेलात की लगेच त्याच स्क्रीनवर परत, शिवाय असिस्ट मोडमध्ये, म्हणजे मदतीच्या मोडमध्ये, गेमचा स्पीड कमी करता येतो, ते मला फार आवडलं.