मदत हवी आहे: बोलोन्या पायी फिरायचंय, खर्च बेतानेच

मी म्युनिकला शिकते. मे महिन्यात आई-बाबा येतायत, दोन दिवस इटलीतल्या बोलोन्याला जायचं ठरलंय. तिघांचं जेवण आणि फिरणं मिळून दिवसाला साठ युरोंत बसवायचंय.

बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांना सान पेत्रोनियो चर्चमधली खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीची १६५५ सालची मध्यान्ह रेषा बघायचीच आहे. छतातल्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसा भर दुपारी फरशीतल्या त्या रेषेवर येतो. मे महिन्यात ही वेळ तिथल्या घड्याळात साधारण एक वाजून दहा मिनिटांनी येते. तेव्हा चर्च उघडं असतं का, की दुपारी बंद करतात?

दुसरं, टेकडीवरच्या सान लुका चर्चचा रस्ता. ६६६ कमानींखालून जवळजवळ चार किलोमीटर, वर सावली आहे, पण शेवटचा चढ खडा आहे. आईचे गुडघे दुखतात. मेलोन्चेल्लो कमानीपर्यंत सपाट चालून पुढे बस घ्यावी का? कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का?

आणि आम्ही शाकाहारी. तिथल्या तोर्तेलिनी या भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस असतं, रिकोटा चीज भरलेले मोठे तोर्तेलोनी चालतील. स्वस्तात कुठे मिळतील? स्वतः खाल्लेलं ठिकाणच सांगा, प्लीज.