शपथ घेऊनही माफीचा साक्षीदार?

माझं आजोळ नाशिकचं. तिळभांडेश्वर गल्लीतून जाताना मामा दरवेळी सांगायचा, 'इथली पोरं शपथ घ्यायची, घरीही ब्र काढायची नाहीत.' मग अभिनव भारतची (सावरकरांच्या गुप्त क्रांतिकारी संघटनेची) माणसं सापडली कशी?

— शपथेनं तोंड बंद राहतं, पोलिसी खाक्या सुरू होईपर्यंत! लंडनमधल्या इंडिया हाउसचा (हिंदी क्रांतिकारकांच्या वसतिगृहाचा) स्वयंपाकी चतुर्भुज अमीन. पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं आणली पठ्ठ्यानं. त्यातल्याच एकानं २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला, आणि हाच अमीन माफीचा साक्षीदार झाला.

— ढाक्याच्या अनुशीलन समितीनं (बंगालमधली गुप्त क्रांतिकारी संघटना) शपथा टप्प्याटप्प्यानं ठेवल्या: आद्य, अंत्य, मग दोन विशेष. नवख्याला आतलं काही कळूच द्यायचं नाही. मला ही युक्ती शपथेपेक्षा पक्की वाटते.

— फ्रीमेसन (गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाचे सभासद) तर गळा चिरण्याची शिक्षा शपथेत म्हणायचे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं (त्यांच्या तिथल्या मुख्य संस्थेनं) १९८६ मध्ये ती काढली. (तोवर कुणाचा चिरला म्हणे?)

— मूळ प्रश्नकर्ता: मामाला अमीनचं सांगितलं. म्हणाला, 'तो कुठं नाशिकचा होता!'