हे आपल्याला कळलं कुठून? माध्यमं आणि लैंगिक वागणं: अनुभव धागा

धागा सुरू करणारी (स्त्री, ५३, पुणे)

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. वाचक घरात विचारता न येणारे प्रश्न त्यांना पत्रानं विचारायचे, कर्वे छापील उत्तर द्यायचे. अशा उत्तरांपायी अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तेव्हा कोर्टात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. छापलेल्या, दाखवलेल्या गोष्टींनी माणसं बिघडतात की शहाणी होतात, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे.

मला इथे मतं नकोत, ती आपल्या सगळ्यांकडे आहेत. काय वाचलंत, काय पाहिलंत आणि त्यानंतर तुमच्या आयुष्यात काय झालं, ते लिहा. माणसांची, दवाखान्यांची, शाळांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या तालुक्याच्या गावी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर उलटा लाल त्रिकोण रंगवलेला असायचा, खाली कुटुंब नियोजनाचं वाक्य आणि ‘निरोध’ या सरकारी कंडोमचं नाव. मी आठ-नऊ वर्षांची असताना भरलेल्या एसटीत मोठ्यानं विचारलं, “आई, निरोध म्हणजे काय गं?” आई काही बोलली नाही, पण माझा दंड असा धरला की बोटं उमटली. लोकांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून सरकारनं भिंती रंगवल्या होत्या. मी त्यातून शिकले ते एवढंच, की हा शब्द वाचायचा, पण उच्चारायचा नाही. तेविसाव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा लगेच दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं हे नवऱ्याला विचारायला माझ्याकडे तोंड नव्हतं. अकराव्या महिन्यात मुलगी झाली. ती आमचा जीव आहे. पण ती कधी व्हावी, हे आम्ही दोघांनी ठरवलं नव्हतं.

पुरुष, ४९, मूळ लातूर जिल्हा

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहितो. आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

१९९६ साली मुंबईत आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. कामावर जाताना रोज लोकलच्या दारात उभा असायचो आणि डोक्यावर ते पिवळे कागद चिकटवलेले असायचे. ‘बालपणीच्या चुका’, ‘हस्तदोष’, ‘स्वप्नदोष’, ‘लग्नाआधी भेटा’. रुळांच्या कडेच्या भिंतींवर तेच, मुतारीत तेच. दिवसातून दोन वेळा, सहा दिवस. शाळेनं सांगितलं नाही, बापानं सांगितलं नाही, सांगणारे तेवढेच. मला खात्री पटली की माझी धातू, म्हणजे वीर्य, जाते आणि मी आतून पोकळ झालोय. गावाकडे ऐकलेलं होतंच, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो म्हणून.

एका ‘तज्ज्ञा’कडे गेलो. त्यानं नाडी धरली, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, “उशीर केलात.” त्या एका वाक्यानं मी त्याचा झालो. पगार तेव्हा अठराशे रुपये होता, त्यातले सहाशे दर महिन्याला पुड्यांवर जायचे. गावी पैसे कमी पाठवायचो आणि खोलीचं भाडं वाढलं असं खोटं सांगायचो. पुड्या घेऊन पोट बिघडायचं, वजन उतरायचं. वजन उतरलं की वाटायचं, बघा, खरंच रोग आहे. तीन वर्षं लग्नाला नाही म्हणत राहिलो. दोन स्थळं चांगली होती. आईला वाटलं मुंबईत कुणी ठेवलीय.

शेवटी कावीळ झाली म्हणून सरकारी रुग्णालयात भरती झालो. तिथल्या तरुण डॉक्टरनं काय काय घेतोस विचारलं, मी रडत सगळं सांगितलं. त्यानं स्टूल ओढून जवळ बसून सांगितलं की हस्तमैथुनानं काहीही होत नाही, झोपेत वीर्य जाणं हे लघवी होण्याइतकं साधं आहे. पाच मिनिटं लागली असतील. पाच मिनिटांच्या बोलण्यासाठी मी तीन वर्षं घालवली.

मनोविकारतज्ज्ञ, पुरुष, ६१

दादांसारखे रुग्ण मला आजही दर आठवड्याला भेटतात. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६०मध्ये याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. थकवा, धडधड, झोप नसणं, हे सगळं त्या माणसाला खरोखर होत असतं. ते भीतीमुळे होतं, वीर्य गेल्यामुळे नाही, आणि ती भीती कुणीतरी विकत असतो. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. तरी भिंती रंगत राहिल्या, आता त्याच जाहिराती मोबाइलवर येतात. उलट डिसेंबर २०१७मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना कळवलं, की कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० दाखवू नका. यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

स्त्री, ५७, मुंबई

मी तेव्हा कामाठीपुऱ्यात एड्स-प्रतिबंधाचं काम करत होते. २००२ संपता संपता शहरभर फलक लागले: “बलबीर पाशा को एड्स होगा क्या?” बस थांब्यावर, स्टेशनवर, रेडिओवर तोच. आधी कुणाला कळेना, की बलबीर हे जाहिरातीसाठी बनवलेलं पात्र आहे. पानाच्या टपरीवर पैज लागायची, होणार की नाही. आमच्या कामाला त्याचा फायदा झाला, हे नाकारणार नाही. जे पुरुष कंडोम मागताना खिशात हात घालून जमिनीकडे बघायचे, ते सरळ विचारू लागले, “ताई, तो बलबीरवाला एकाच बाईकडे जातो, तरी होतो का?” एड्सवर बोलायला त्यांना तिसऱ्याचं नाव मिळालं होतं.

पण ती ‘एकच बाई’ म्हणजे जाहिरातीतली मंजुळा. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं मला फलकासमोर उभं केलं आणि विचारलं, “म्हणजे रोग आम्ही देतो, असंच ना?” तिला तो गिऱ्हाइकाकडून लागला होता. महिला संघटनांनी तेव्हा हाच आक्षेप घेतला. एकाच फलकानं पुरुषाचं तोंड उघडलं आणि बाईच्या कपाळावर डाग लावला, दोन्ही मी पाहिलंय. त्या बाईला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

आजी, ७९, सातारा जिल्हा (नात टाइप करते आहे)

आजी म्हणते, सगळं टीव्हीच्या माथी मारू नका. आमच्या वेळी हळदीच्या रात्री बायका-बायका जमायच्या आणि अशी गाणी म्हणायच्या की आज तुम्ही ऐकलीत तर कानात बोटं घालाल. विहिणीला गाण्यातून शिव्या द्यायच्या, त्यात काही म्हणजे काही झाकलेलं नसायचं. शिमग्याला गडी माणसं चावडीसमोर बोंब मारायची. लाज होती, पण वर्षातले काही दिवस तिला सुट्टी होती. मात्र गाण्यातून अर्धंच कळायचं. गडी काय करणार ते कळायचं. आपल्याला नको असलं तर काय म्हणायचं, ते एकाही गाण्यात नव्हतं.

स्त्री, ५१, डिचोली, गोवा

आजी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून हात थांबला. मला ते म्हणता आलं, पण लग्नानंतर पाच वर्षांनी.

आमच्या वाड्यावर केबल आली तेव्हा टीव्ही एकाच घरात होता. रात्रीची जेवणं उरकून आम्ही सहा जणी तिथे जमायचो. मालिकेतल्या बायका नवऱ्याला उलट बोलायच्या, पाठ फिरवून झोपायच्या. आम्ही हसायचो. मग एकदा एकीनं हळूच विचारलं, “तुम्ही म्हणता का गो, आज नको?” त्या रात्री मालिका कुणी पाहिलीच नाही. कुणाचा नवरा दारू पिऊन यायचा, कुणाला नवऱ्यानं बाळंतपणानंतर महिनाभरही मोकळं सोडलं नव्हतं. मी घरी गेले आणि पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं. तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानंच चहा केला.

पुढे लेकीनं एक अभ्यास दाखवला, रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा, २००९चा. वेगवेगळ्या राज्यांतल्या गावांचा आहे, त्यात गोवाही आहे. केबल आली तिथे बायकोला मारणं योग्य म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा म्हणणाऱ्या कमी झाल्या, मुलंही कमी झाली. मला पटतं. फक्त मला वाटतं, पडद्याइतकंच श्रेय पडद्यासमोरच्या त्या चटईचं आहे. आता प्रत्येकीकडे स्वतःचा फोन आहे, आणि सहा जणी एका चटईवर बसत नाहीत.

पुरुष, ५४, कोल्हापूर

माध्यमांमुळे मुलं ‘तसली’ होतात, असं माझ्या नातेवाइकांचं मत आहे. मी समलिंगी आहे. माझ्या लहानपणी असं काही दाखवणारं माध्यम गावात नव्हतंच. सिनेमात होता तो बायकी चालीचा माणूस, त्याच्यावर थिएटर हसायचं आणि दुसऱ्या दिवशी माझे चुलतभाऊ मला त्याच्या नावानं हाक मारायचे. चिडवायचं कसं, ते सिनेमानं त्यांना शिकवलं. मला मात्र एक शब्दही दिला नाही.

१९९०मध्ये मुंबईत अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी लोकांसाठीचं नियतकालिक काढलं. त्याचा एक अंक हातोहात फिरत माझ्याकडे आला, कोपरे झिजलेला. इंग्रजी कच्चं, शब्दकोश घेऊन वाचला. असे पुष्कळ जण आहेत, हे मला त्या रात्री कळलं.

२ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला, की प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा कलम ३७७खाली गुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी वडील नेहमीसारखे पेपर मोठ्यानं वाचत होते. ‘समलिंगी’ शब्दापाशी थांबले, पुढचं मनात वाचलं आणि पेपर घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवला. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, २०१८मध्ये त्याच न्यायालयानं ते कलम पुन्हा मोडलं. तेव्हा वडील नव्हते. तो २००९चा पेपर माझ्या कपाटात आहे.

शिक्षिका, ४४, विदर्भ

२००७ साली राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं, तेव्हा मी नोकरीत नवीन होते. मी वर्गात एक पेटी ठेवते, बिननावाच्या चिठ्ठ्यांची. पूर्वी चिठ्ठ्या पाळीच्या असायच्या. २०१६मध्ये डेटा स्वस्त झाल्यावर ‘मोबाइलमध्ये दाखवतात तसं खरं असतं का?’ अशा येऊ लागल्या. मी उत्तर देते: ते कॅमेऱ्यासाठी केलेलं काम असतं, आणि त्यात कुणी कुणाला विचारत नाही, ते सगळ्यात खोटं. दोन पालक तक्रार घेऊन आले होते. पेटी अजून आहे.

पुरुष, २८, छत्रपती संभाजीनगर

बाई, हे मला शाळेत कुणी सांगायला हवं होतं. होस्टेलवर चार वर्षं तेच पाहिलं. लग्न झालं तेव्हा मला वाटत होतं, सगळं येतं आपल्याला. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, “तू माझ्याकडे बघतच नाहीस.” समजायला वेळ लागला. तिला काय आवडतं, काय दुखतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, कारण पडद्यावर कुणीच विचारत नव्हतं. आता विचारतो. अजून अवघड जातं.

पुरुष, २२

लातूरचे दादा, मी फक्त वाचत होतो. मला फोनवर त्याच जाहिराती येतात. सहा महिने एक औषध ऑनलाइन मागवून घेतोय, घरी माहीत नाही. पोट तुमच्यासारखंच बिघडतं. सरकारी दवाखान्यात गेलो तर नेमकं कुणाला भेटायचं? खिडकीवर काय सांगायचं?

पुरुष, ४९, मूळ लातूर जिल्हा

भावा, आधी ते औषध आजच बंद कर आणि बाटली फेकू नकोस, डॉक्टरला दाखवायला लागेल. सकाळी लवकर जा, केसपेपर काढ. खिडकीवर फक्त “पोटाचा त्रास, मेडिसिन ओपीडी” एवढंच सांग, बाकीचं आत डॉक्टरला. ते मनोविकार विभागात पाठवतील, घाबरू नकोस, वेड लागलं म्हणून पाठवत नाहीत. गावाचं नाव इथे लिहू नकोस, मला खासगीत निरोप कर. मुंबईच्या आसपास असशील तर मी बरोबर येतो. सोमवारी माझी सुट्टी असते.